कच्च्या शिलाईची बाही

त्या सकाळी आमच्या ग्रुपवर भांडण ऐन रंगात आलं होतं. ‘डावी बाही’ हे ग्रुपचं नाव, आणि आम्ही सगळे एका जपानी कार्टून मालिकेचे वेडे. ‘कार्टून नाही मॅडम, ॲनिमे म्हणा,’ असं मोबाईल दुरुस्त करणारा आमचा निलेश मला दर वेळी सुधारतो, आणि मी दर वेळी मुद्दाम कार्टूनच म्हणते. नव्या सिनेमांतली तोमाये हीच खरी तोमाये, असं त्याने लिहिलं होतं. मी त्याला चांगलं झणझणीत उत्तर लिहीत होते, तेवढ्यात माझ्या मैत्रिणीच्या, ज्योतीच्या धाकट्या बहिणीचा, सुषमाचा मेसेज आला. ‘ताई गेली.’ त्याच्या पाठोपाठ निलेशचं आधीच लिहून झालेलं वाक्य येऊन पडलं, ‘जुनी तोमाये नुसती उद्धट होती’. माझं उत्तर अर्धवट तसंच राहिलं.

तोमाये कोण, हे सांगितल्याशिवाय ज्योती सांगता येणार नाही. तोमाये म्हणजे समुद्रावर छोटं विमान चालवणारी, जखमींना बेटांवरून आणणारी एक पोरगी. जीभ अशी की समोरच्याचं सालपट निघावं. कुणाचे आभार मानणार नाही, कुणाची मदत घेणार नाही. जुन्या मालिकेत ती विमानाच्या पंखावरून घसरते, तिचा साथीदार तिच्या जॅकेटची डावी बाही घट्ट पकडून तिला वर ओढू लागतो, आणि ही बया काय करते, तर दुसऱ्या हाताने स्वतःचीच बाही खांद्यापासून फाडते, समुद्रात पडते आणि पोहत किनाऱ्याला लागते. त्यानंतर ती कधीही बाही लावून घेत नाही. ज्योतीने हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा टाळी वाजवून म्हणाली होती, “ही तर राहुरीचीच हाय!”

ज्योती आणि मी एका बाकावर शिकलो. पुढे मी गणिताचे क्लास घेऊ लागले, तर ज्योती नवऱ्याला सोडून माहेरी आली आणि बाजारपेठेत तिने ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. ‘नवऱ्याला सोडून’ असं लिहिते, कारण ‘नवऱ्याने टाकलेली’ असं कुणी म्हटलं तर ती तिथल्या तिथे हिशेब चुकता करायची. गिऱ्हाइकांशीही तिचा कारभार असाच. माप देताना एखादीने पोट आत घेतलं की म्हणायची, “श्वास सोड बाई. मला ब्लाउज तुझ्या अंगाचा शिवायचाय, तुझ्या मनातला न्हाई.” तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण तिचा ब्लाउज बगलेत कधी काचला नाही. दुपारी दुकान सामसूम झालं की निलेश मालिका लावायचा आणि ज्योती आवाज बंद करून तोमायेचे संवाद स्वतः म्हणायची, आपल्या बोलीत. “सोड रं, मला वर वढाया तू कोन?” आम्ही हसून लोळायचो. मला आजही तोमाये जपानीत बोलताना खोटी वाटते.

त्याच दिवसांत तिने ते जॅकेट शिवलं, पिवळ्या जाड कापडाचं, डावी बाही नसलेलं. दुकानात ती तेच घालून बसायची. पुढे तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. नगरला डायलिसिस सुरू झालं, डाव्या हातात शीर जोडून सुया टोचायची जागा केली, आणि त्या बिनबाहीच्या जॅकेटची अचानक सोय झाली. बाह्या वर सरकवायला नकोत, थंडी वाजायला नको. तिथल्या नर्सला ज्योती ऐटीत सांगायची, “आजार यायच्या आदीच शिवून ठेवलं हुतं मी. एवढी दूरदृष्टी कुनाला असती का?” नर्स बिचारी आधी घाबरायची, मग हसायची. पण हात काळानिळा पडत चालला होता. बसमधून परत येताना ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मी बोलायला गेले की म्हणायची, “मास्तरीनबाई, गप.”

सुषमा शेवगावला दिलेली. तिची किडनी ज्योतीला चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं. सुषमा तयार, तिचा नवराही तयार, आणि ज्योती एक शब्द ऐकून घ्यायला तयार नाही. “तिला लेकरू हाय. माज्यासाटी कुनी आपलं प्वाट फाडायचं न्हाई.” आईने जेवण सोडून पाहिलं. ज्योतीने सरळ आईचं ताट झाकून ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली. सुषमा दर आठवड्याला शेवगावहून यायची, विचारायची, नकार घेऊन परत जायची. त्या घरात तेव्हा भांडी ठेवल्याचा आवाजसुद्धा भांडणासारखा यायचा. मला ज्योतीचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता. दोन्ही खरं आहे.

अशात ते नवे सिनेमे आले. तीच कथा, नव्याने रंगवलेली. जगभरचे चाहते आपसात भांडत होते, मग राहुरी कशी मागे राहील! तोमायेची नखं काढली असं आमचा पक्ष म्हणे, तोमाये आता कुठे माणूस झाली असं निलेशचा पक्ष म्हणे. ज्योती अर्थातच आमच्या पक्षाची पुढारी. सिनेमा न बघताच तिने त्याला शिव्या घातल्या होत्या. शेवटी एका रविवारी दुपारी निलेशने प्रोजेक्टर आणला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भिंतीवर ब्लाउजच्या अस्तराचा पांढरा तागा ताणून त्याचा पडदा केला. सुषमा त्या दिवशी आलेली होती. तीही कोपऱ्यात कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

पंखावरचा प्रसंग आला. तोमाये घसरली, साथीदाराने बाही पकडली. आम्हा सगळ्यांचं लक्ष पडद्यावर कमी आणि ज्योतीकडे जास्त. जुन्या मालिकेत इथे फक्त तोमाये दिसते. सिनेमात मात्र चित्र वर गेलं, बाही धरणाऱ्याच्या तोंडावर. घामाने भिजलेलं, भेदरलेलं तोंड, बराच वेळ. मग तोमायेचा हात बाही फाडायला उचलला गेला... आणि तिने त्याच हाताने त्याचं मनगट धरलं. तो तिला वर घेतो, ती रडते, ‘आभारी आहे’ म्हणते. मला राहवलं नाही. “ही तोमाये न्हाईच! कुनाला तरी पकडून आनलीय!” मी ओरडले. निलेश उसळला. आम्ही दोघं हमरीतुमरीवर आलो तेव्हा ज्योती शांतपणे म्हणाली, “निल्या, मागं घे. परत दाव.”

त्याने परत दाखवलं. तिने तिसऱ्यांदाही मागे घ्यायला लावलं. मग कोपऱ्यातल्या सुषमाकडे न बघता म्हणाली, “इतकी वर्सं मी पडनारीकडंच बघत हुते. वरच्याचं तोंड कुनी दावलंच न्हाई. त्याच्या हातात नुसती बाही राहत असंल की.” सुषमा डोळ्याला पदर लावून बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवशी ज्योतीने तिला फोन करून एवढंच सांगितलं, “ये. कागदं घिऊन ये. रडायचं न्हाई.”

तपासण्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी मी दुकानात गेले तर पिवळ्या जॅकेटला डावी बाही लागलेली. त्याच कापडाची, पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून नुसती अडकवलेली. माझा पारा चढला. “फाड ती. त्या सिनेमापायी तू जॅकेटची वाट लावलीस.” ती हसलीसुद्धा नाही. “सिनेमापायी न्हाई. किडनी बसली की हातात सुया नकोत. मग बाही लागंल ना? त्या दिवशी वरून मशीन मारीन. तवर कच्ची शिलाई हाय, वढू नको.” मी म्हणाले, आभार मानणारी तोमाये मला चालणार नाही. “मी कुठं मानतेय?” ती म्हणाली. “मी फक्त हात धरलाय.”

आमची ती शेवटची नीट झालेली भेट. ऑपरेशनची तारीख जवळ आली असताना तिला ताप भरला, रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो आटोक्यात आलाच नाही. सुषमाने सगळी तयारी केली होती. तिचा हात पुढे होता, आणि तो धरायला ज्योती उरली नाही. याचा राग मी कुणावर काढू, मला अजून कळत नाही.

माणूस गेलं तरी आमची भांडणं गेली नाहीत. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यात ज्योती बिनबाहीच्या जॅकेटमध्ये. निलेशचा पक्ष म्हणाला, फोटो बदला, ती शेवटी आमच्याकडची झाली होती. आमचा पक्ष म्हणाला, हात लावून बघा. आम्ही तिच्या नावाची अशी ओढाताण करत दहाव्यापर्यंत आलो.

मुळा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. ज्योतीच्या मामांनी हात जोडले, “ज्योते, तुझ्या आईला आमी बघू.” काही नाही. सुषमा म्हणाली, “ताई, मी तब्येतीला जपंन.” काही नाही. ऊन वाढत चाललं, गुरुजी घड्याळ बघू लागले, आणि मामा आमच्याकडे वळले. “तुमी तिच्या बसन्याउठन्यातले. काय ऱ्हायलं असंल तर बोला.” निलेश चप्पल काढून पुढे झाला. “ज्योतीताई, बाही पक्की शिवून टाकू.” कावळा हलला नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी माझ्या तोंडून निघालं, “ज्योते, तुला नको असंल तर बाही काढून टाकू.” निलेशने माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. त्या पिंडासमोर आम्ही पुन्हा भांडणार, तेवढ्यात तिची आई उठली आणि आम्हा दोघांना बाजूला सारून म्हणाली, “कुनी हात लावायचा न्हाई. जशी टाकलीस तशीच ऱ्हाईल, बाय.”

कावळा उतरला. आईच्या शब्दाने उतरला की भुकेने, मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसलं की निलेश रडत होता आणि त्याने माझा दंड धरला होता, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

ते सिनेमे मला अजूनही आवडत नाहीत. मेलेल्या माणसाच्या भिडेखातर मत बदललेलं ज्योतीला खपलं नसतं, आणि निलेशलाही ते आता पटतं. आम्ही भांडतो, पण फ्लेक्सवरून नाही. दुकान अजून बंद केलेलं नाही. बायका न शिवलेली कापडं परत न्यायला येतात, आणि ज्योतीची आई ज्याचं त्याला देत बसते. मशीनच्या मागे खिळ्याला ते पिवळं जॅकेट आहे, खांद्यावर पांढरे टाके लांबूनही दिसतात. परवा एका बाईने ‘हे काय?’ असं सहज विचारत ती बाही चिमटीत धरली. आई काम सोडून उठली.

“हळू,” ती म्हणाली. “कच्ची हाय अजून. तिला मशीन मारायचं ऱ्हायलंय.”