मेव्हिस थॅकरेचं न्हाणीघर

मेव्हिस थॅकरेने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. पण यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या तिच्या गावात त्याबद्दल तिला विचारतं कोण? विचारतात ते तिच्या न्हाणीघराबद्दल.

एकाहत्तर साली सिनेमावाल्यांनी तिचं घर अकरा दिवस भाड्याने घेतलं. सिनेमात एक मवाळ, चष्मेवाला पियानो दुरुस्त करणारा बायकांना मेव्हिसच्याच टबात बुडवून मारतो. सिनेमा आला, गेला, लोक विसरले. पुढे तरुण पोरांनी तो उकरून काढला आणि गावाला ताळतंत्रच उरलं नाही. बेकरीत खुन्याच्या तोंडाची बिस्किटं. हॅलोविनला, त्या भुताखेतांच्या सणाला, लहान पोरं त्याच्यासारखा चष्मा लावून दारोदार गोळ्या मागतात. एका जोडप्याने तर मेव्हिसच्या दारात लग्नाचा फोटो काढला, नवरीचं डोकं बादलीत! शी!

मेव्हिसला त्या टबाचं वेगळंच ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याचं, स्टॅन्लीचं, अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा तो जाईपर्यंत दोन वर्षं ती रोज कोपराने पाणी बघून त्याला त्यात बसवायची. तो पाण्याला घाबरायचा. "सोडू नकोस हं, मेव्ह," म्हणायचा.

एका मंगळवारी गावच्या इतिहास-समितीचे मिस्टर पिकर्सगिल आले. निवृत्त हेडमास्तर, सभ्य माणूस. हातात, ऐतिहासिक घरांवर लावतात तसल्या गोल निळ्या पाटीचा नमुना: 'या घरात सात खून झाले.'

"कोणाचे?" मेव्हिसने विचारलं.

"अहो, सिनेमातले!"

"मग पाटी सिनेमाला लावा. माझ्या घरात उंदीरसुद्धा आपल्या मरणाने मरतो."

"थट्टा पुरे, मिसेस थॅकरे. गावाचं नाव होतंय. महिन्यातून एक शनिवार न्हाणीघर लोकांना बघायला उघडं ठेवा, बास. आधी मला बघू तरी."

मेव्हिस त्यांना वर घेऊन गेली. स्टॅन्लीला धरायला बसवलेला दांडा अजून भिंतीवर होता. तो पाहून तरी माणूस वरमेल, असं तिला वाटलं.

"हा काढावा लागेल हां," पिकर्सगिल म्हणाले. "सिनेमात नव्हता." मग त्यांनी बूट काढले, कोरड्या टबात आडवे झाले, जीभ बाहेर काढली आणि फोन तिच्यापुढे धरला. "काढा ना एक!"

"उठा," मेव्हिस म्हणाली. "माझ्या आजारी नवऱ्याला मी त्यात आंघोळ घालत होते. उठा म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी तिने प्लंबरला बोलावलं.

"फोडायचा? अहो बाई, विकायला काढलात तर लोकांच्या उड्या पडतील!"

"म्हणूनच फोड."

ओतीव लोखंडाचा टब. घणाचे घाव अख्ख्या गल्लीने ऐकले. तुकडे भंगारवाल्यासाठी फाटकाबाहेर ठेवले, तर दुपारपर्यंत तिथे झुंबड. शेजारची डोरीनही एप्रनमध्ये तुकडा लपवून निघाली होती.

"अगं, एवढासाच घेतला," ती ओशाळून म्हणाली. "हे बघ, यावर रक्ताचा डाग आहे!"

"गंज आहे तो, डोरीन," मेव्हिस म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.