शाबूत इन्सुलेशनमधून करंट

बावड्याहून सकाळची एसटी धरली. नात सुवर्णा पुढच्या संशोधनाला परगावी जाणार की नाही, हा निकाल घरच्यांनी माझ्यावर सोडला होता. फोनवर ती म्हणाली होती, करंट इन्सुलेशनमधून आरपार जातो. मी चौथी नापास. पण जन्मभर पाण्याच्या मोटारी भरल्या (जळकी तार काढून नवी गुंडाळली). इन्सुलेशन शाबूत तर करंट जात नाही, यावर माझं दुकान उभं आहे. म्हटलं, "दाखव. न्हाय दाखवलंस तर गुमान घरी यायचं."

इंदापूरला गाडी बदलली, वडापाव खाल्ला. तिच्या सामानावर भरवसा नको म्हणून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पिशवीत घेतलं होतं. वालचंदनगरच्या फाट्यावर ते सीटच्या दांडीला असं चिकटलं की निघेना. कंडक्टर म्हणाला, "आबा, दांडी एसटीची हाय, घरी नेऊ नका!" दोघांनी ओढून काढलं. पुढं बारामतीपर्यंत दोन्हीकडं ऊसच.

तिथं तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुवर्णाने तांदळाएवढा तुकडा दाखवला. "तात्या, ह्यात चुंबकी धातूचे दोन थर हायत. मधी इन्सुलेशन, केसाहून हजारो पट पातळ."

मीटर करंट दाखवत होतं.

"इन्सुलेशन पंक्चर हाय," मी म्हणालो.

"म्हणणारच तुमी!" तिने मुद्दाम फुटक्या इन्सुलेशनचा तुकडा जोडला. करंट धो धो. चुंबक फिरवलं तरी आकडा ढिम्म. मग पुन्हा पहिला. माझं चुंबक जवळ नेलं, करंट वाढला. उलटं धरलं, घटला. कशाला हात लागलेला नाही, काही जळलेलं नाही! मी वाकून टेबलाखाली बघितलं.

"बघा बघा. भूत घावलं तर मला बी दाखवा."

"मग जातो कुठनं?"

"इतक्या पातळ भिंतीशी इलेक्ट्रॉन अलीकडं असतो, तसा थोडा पलीकडं बी असतो. म्हणून काही पार होतात. त्यात परत्येक इलेक्ट्रॉन बारीक चुंबकच. दोन्ही थरांची तोंडं एकीकडं असली की जास्त जातात, उलटी असली की कमी. तुमच्या चुंबकानं एका थराचं तोंड फिरलं."

"एकच, दोन्हीकडं?"

"व्हय."

"कुणी बघितलंय?"

"तसं असताना कुणीच न्हाय. मीटर सांगतंय तेवढंच."

मी चुंबक पुन्हा उलटं धरलं, आकडा पुन्हा घटला.

परतीची एसटी धरली. घरी सून दारातच उभी. "मामंजी, काय ठरलं?"

"जाईल ती."

"एवढ्या लांब? तुमीच तर न्हाय म्हणत व्हता!"

"व्हतो."

माझ्या मोटारीत इन्सुलेशनमधून करंट अजूनही जात नाही. ते मी कुणापुढंही सांगेन. पण त्याच्याही आत एक मुलूख आहे, तिथं माझा टेस्टर चालत नाही. या वयात मी तिथं पोचायचो नाही. घरातलं एक माणूस निघालंय, त्याला कसं अडवू?