बाईंची दृष्ट

सातवीत शाळा सुटली. सुरगाण्याहून नाशिकला आले नि एका आयुर्वेद केंद्रात मालिशचं काम मिळालं. तिथं आलेल्या स्पेनच्या म्हाताऱ्या बाई तरुणपणी भुताखेतांच्या सिनेमांत नटी होत्या. त्यांनी मोबाइलवर एकेक सिनेमा दाखवला. प्रत्येकात त्या मरत होत्या. इतक्या लोकांनी मरताना पाहिलेलं, दृष्ट लागणारच. मी मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसक्यानं सगळं केंद्र खोकू लागलं.

“उद्यापासून येऊ नको,” मालकीणबाई म्हणाल्या. मला घरचे डोंगर दिसले.

बाईंनी काय झालं ते विचारलं. मालकीणबाईंनी इंग्रजीत सांगितलं. बाई खोकत खोकत हसल्या, काहीतरी बोलल्या.

“अजून बरेच सिनेमे राहिलेत म्हणे, हिलाच पाठवा,” मालकीणबाई म्हणाल्या. “ये उद्या. मिरच्या घरी ठेव.”