गार होताना लांबणारा इको

माझी मावशी नांदेडला असते. जयंतीला तिथल्या विहारापुढं ती गाते, आणि आमच्या लहानपणापासून तिच्या आवाजामागं एक पत्र्याचा डबा असतो. कुणा रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं फार पूर्वी जोडून दिलेली इको मशीन. ओळ गायली की क्षणभरानं तीच ओळ, थोडी मऊ, थोडी धुरकट होऊन परत यायची. सतरंजीवर आडवं होऊन ऐकताना मला वाटायचं, पलीकडच्या गल्लीत आणखी एक मावशी गातेय.

घशाच्या ऑपरेशननंतर मावशीचा श्वास तोकडा झाला. इको ओळ धरून ठेवायचा, तेवढ्यात ती श्वास घ्यायची. नेमकी तेव्हाच मशीन बंद पडली. आत पाणी जाऊन तांब्याच्या तारा गंजल्या होत्या.

"डबा न्हाई तर यंदा मी बी न्हाई," तिनं फोनवर सांगितलं.

मी लातूरला तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळते. यादी केल्याशिवाय मी चहासुद्धा टाकत नाही, असं माझा नवरा म्हणतो. ऐन थंडीत डबा लातूरला आणला, एकेक भाग उतरवला, मोजला. जुन्या रेझिस्टरवर चंदेरी पट्टा होता, म्हणजे छापील आकड्यापासून दहा टक्के इकडंतिकडं असला तरी चालेल. कंडेन्सर तर त्याहून बेफिकीर. म्हणून छापील आकडे बाजूला ठेवले आणि मोजलेल्या आकड्यांना जुळणारे नवे, एक टक्क्याच्या आत राहणारे भाग निवडून लावले. आतली चिप आवाज पुढं सरकवते, विहिरीपासून दारापर्यंत रांगेत उभ्या बायका हातोहात घागरी देतात तशी. घागरी किती भराभर हलायच्या, ते एक छोटा चपटा कंडेन्सर ठरवतो. माझ्या टेबलावर सगळं मला आठवत होतं तसंच वाजलं.

मार्चच्या शेवटी दुरुस्त झालेला डबा घेऊन नांदेडला गेले. दुपार होती. पत्रे तापून टकटक वाजत होते. मावशीनं माईक घेतला, नेहमीचं उडतं गाणं धरलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबली.

"हा मागं ऱ्हायलाय गं. माझ्या पुढच्या ओळीच्या पायात येतोय."

"मावशी, एकेक भाग मोजून लावलाय."

"मोजला असशील माय. मला गाता येईना, त्याचं काय?"

"मग कमीजास्त करायला एक बटण लावून देते."

"हाव, आणि गाताना ते पिळत बसू? एका हातात माईक, एका हातात बटण. लोकं म्हणतील, म्हातारी रेडिओ लावायली."

मी हसले, ती हसली नाही. जुना कसा यायचा, म्हणून विचारलं. मावशी डोळे मिटून बोलायला लागली, जणू तिला तो ऐकूच येत होता. "आधी चटचट यायचा. मग रात्र निवली की दमानं, लांबून. म्हणून तर उडती गाणी आधी आन् संथ गाणं शेवटाला." मग माईक खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे. यंदा पोरींना गाऊ दे. मी बसते टाळ्या वाजवत."

एकच कंडेन्सर, एकच आकडा. इको आपोआप लांबेल कसा? मला वाटलं, आठवणीत लांबला असेल. तरी लातूरला परतल्यावर तो जुना चपटा कंडेन्सर पुन्हा मीटरला लावला. मोजताना तो चहाच्या गरम ग्लासाला टेकला आणि आकडा उतरायला लागला. ग्लास सरकवला. आकडा सावकाश, झोपेतून उठल्यासारखा, वर आला. मी पुन्हा टेकवला. पुन्हा उतरला. चहा निवेपर्यंत मी तेच करत बसले.

उन्हानं तापला की तो आखडायचा, इको लवकर यायचा. गार झाला की लांबायचा. मी थंडीत मोजला होता, आणि बदली म्हणून लावलेला उंची माल ऊन असो, गारवा असो, जागचा हलत नव्हता.

जुन्याचा तारेचा पाय गंजून तुटायला आला होता. दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, हे हलके आहेत. गरम झाले की बिघडतात. चांगले देऊ?"

"चांगले नकोत. बिघडणारेच द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मूठभर काढून दिले. ग्लासाला टेकवून टेकवून, जुन्याच्याच चालीनं उतरणारा एक सापडला. तो डब्यात बसवला, आणि भर उन्हात दोन ओळी गाऊन बघितल्यावर मावशी गायला तयार झाली.

जयंतीच्या संध्याकाळी डबा दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता. मावशीनं उडती गाणी घेतली. इको तिच्या मागोमाग धावत होता, मधल्या फटीत ती श्वास भरून घेत होती. मग वादक संथ गाण्याच्या सुरावर आले, तेव्हा तिनं डब्यावर तळहात ठेवून पाहिला.

"अजून गरम हाय," ती त्यांना म्हणाली. "आणखी एक उडतं होऊ द्या."

ते झालं. दिव्यांभोवतीची धूळ खाली बसली, नदीकडून वारा आला. मावशीनं पुन्हा हात ठेवला, मान हलवली आणि संथ गाण्याची पहिली ओळ सोडली. इको आता येणारच नाही असं वाटेपर्यंत आला नाही. मग लांबून आला, आणि तोवर मावशीनं छाती भरून श्वास घेतला होता.