दोन बोटं खाली

गाडी दोन बोटं खाली घ्यायची, असं बाबांनी एका रविवारी पोहे खाताना जाहीर केलं, तेव्हा आईला वाटलं ते पार्किंगबद्दल बोलतायत.

"खालीच तर असते," ती म्हणाली. "आणखी कुठे खाली घेणार?"

"जागा नाही गं. गाडीच. चाकांवर जरा जास्तच उंच उभी आहे ती."

आईने त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही वाशीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई कोपरखैरण्याच्या शाळेत शिकवायची, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पंचविशीपासून त्यांनी मोठ्या फळ्यावर वाकून पाइपांची आणि टाक्यांची ड्रॉइंगं काढली होती. माणूस इतका सरळ, की चपला काढतानाही एकमेकींना समांतर ठेवणार. त्यामुळे त्यांच्या तोंडून असलं काही ऐकून मला आधी हसू आलं.

ते मला बाल्कनीत घेऊन गेले. खाली आमची पांढरी, सेकंडहँड, छोटी गाडी उभी होती.

"चाकाच्या वर बघ. टायर आणि मडगार्ड यांच्यात केवढी पोकळी आहे! पाण्यातून जाताना लेंगा वर धरलेल्या माणसासारखी दिसते की नाही?"

मी पाहिलं, आणि मग मला ती गाडी वेगळी दिसेचना. बिचारी लेंगा धरून उभी होती, आणि आसपास पाण्याचा थेंब नव्हता.

बाबांनी तिचं ड्रॉइंगही केलं होतं. ट्रेसिंग पेपरवर बाजूने दिसणारी गाडी, आधीची आणि नंतरची. नंतरच्या गाडीची रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या काचेपर्यंत अशी काही वाहत होती, की आमचीच गाडी मला कुठल्या तरी दूरच्या गावची वाटली. त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले होते आणि त्यांचा फळा खिडकीजवळून उचलून भिंतीला लावून ठेवला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते आईने नंतर सांगितलं.

तुर्भ्याच्या पहिल्याच गॅरेजवाल्याने उपाय सांगितला. "स्प्रिंग कापून देतो, साहेब. एक वेटोळं कमी केलं की झाली गाडी खाली. तासाभराचं काम."

बाबांनी मान हलवली. "कापलेली स्प्रिंग खड्ड्यात आपटते. लांबी कमी केली तर ताकद वाढवायला पाहिजे. मला नव्या स्प्रिंगा हव्यात."

अशा स्प्रिंगा दुकानात मिळायच्या नाहीत. विचारत विचारत आम्ही तुर्भ्याच्याच इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. तिथे यंत्रांसाठी स्प्रिंगा बनत. मालक साताऱ्याकडचे होते, पन्नाशीचे, बुटके, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. बाबांनी ट्रेसिंग पेपर उलगडला. मालकांनी तो उजेडाकडे धरला आणि एका रेघेवरून बोट फिरवलं.

"हे तुमी हातानं काढलंय?"

"हो."

"मग करू की. बसा."

त्यांनी भट्टीतून एक सळई ओढली. ती जास्वंदीसारखी लाल होती. एका फिरत्या दांड्यावर तिचं टोक अडकवलं आणि ती आपणहून वळत गेली, एक वेढा, दुसरा वेढा, जणू तिला आधीपासूनच असं वळायचं होतं. मग तेलात बुडवल्यावर असा हुंकार उठला, की बाहेरच्या ट्रकांचा आवाज क्षणभर बंदच झाला असं वाटलं. शेडमध्ये निळा धूर भरला. धुरात बाबा उभे होते, चष्मा कपाळावर सारलेला, आणि त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला दिसत होता. लहान मुलाचा म्हणावा तर तसा नाही. झोपेत कुणी हाक मारल्यावर होतो तसा.

पुढच्या शनिवारी शेजारच्या गॅरेजात त्या चार स्प्रिंगा बसवल्या. जुनी स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा सुटला तर माणसाचा हात जाईल, म्हणून मिस्त्रीने आम्हाला दाराशी उभं केलं. संध्याकाळी जॅक खाली आला. गाडी हळूच जमिनीकडे आली, आणि थांबली. कुणी थकून येऊन पायरीवर टेकावं तशी.

"बसली," मिस्त्री म्हणाला.

बाबांनी चाकावर दोन बोटं आडवी धरून पाहिली आणि नुसते हसले.

खाडीच्या कडेने जाणारा मोठा रस्ता तेव्हा पुरता झाला नव्हता. मधला एक तुकडा गुळगुळीत होऊन पडला होता, त्याच्यावर सकाळी माणसं फिरायला यायची. पुढचे कित्येक रविवार उजाडताच बाबा मला उठवायचे आणि आम्ही तिथे जायचो. जमिनीच्या इतकं जवळ बसलं की सगळंच बदलतं. खारफुटीची झाडं खांद्याला लागतील अशी जायची. धुकं काचेच्या खालून वर यायचं. चाळीसच्या वेगात वाटायचं आपण पाण्यावरूनच सरकतोय. वळणावर गाडी पूर्वीसारखी कलायची नाही, रस्त्याला चिकटून वळायची, आणि बाबा प्रत्येक वेळी पुटपुटायचे, "बघ, बघ."

घरी ते मोजकं बोलत. गाडीत मात्र बोलायचे. लहानपणी गावाबाहेरच्या उतारावर ते फळीला बेअरिंगची चाकं लावून घसरत जायचे. "जमीन अशी हाताएवढ्यावर," त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात सोडून दाखवलं. "सायकल घेतली, स्कूटर घेतली, पण तसं पुन्हा नाही वाटलं. वाटायचं, वयच झालं असेल." मी खिडकीतून पाणी बघत राहायचे. त्यांनी हे आईला सांगितलं असेल का, असा विचार माझ्या मनात यायचा.

आई त्या गाडीत बसायला तयार नव्हती. "त्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. साडी नेसून कशी उतरू? शाळेच्या दारात?" ती बसने जात राहिली. सोसायटीच्या गेटमधल्या स्पीडब्रेकरवरून बाबा गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत न्यायचे, तेव्हा ती बाल्कनीतून बघायची आणि आत निघून जायची. तीन महिने असे गेले. दोघं भांडली नाहीत. पण घरात गाडीचा विषय निघाला की कुणीतरी रेडिओ लावायचं.

मग आंब्यांचा मोसम आला. आईच्या शाळेतल्या बायकांनी मिळून एपीएमसी मार्केटमधून आंबे आणायचं ठरवलं आणि काम आईवर सोपवलं. आठ पेट्या बसमधून येणार नव्हत्या. शनिवारी सकाळी ती पदर खोचून गाडीपाशी आली, आधी बसली, मग पाय आत घेतले, आणि समोर बघत म्हणाली, "चला."

मार्केटात आम्ही पेट्या भरल्या. दोन डिकीत, पाच मागच्या सीटवर आणि एक माझ्या मांडीवर. आंब्यांच्या वासाने गाडी जड झाली होती, आणि खरोखरच जड झाली होती. बाहेर पडायच्या वाटेवर सिमेंटचा एक उंचवटा होता. बाबांनी गाडी तिरकी घ्यायला पाहिली, पण बाजूला हातगाडी उभी. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि पोटाखाली खर्रर्र आवाज झाला. गाडी उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

मागे ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. बाबा उतरले. त्यांनी वाकून खाली पाहिलं आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई दार उघडायला लागली.

"वैनी, उतरू नगा!" एक म्हातारे माथाडी कामगार पाठीवरचं पोतं भिंतीशी टेकवून पुढे आले. "बसून ऱ्हावा. तुमचं काय वजन हाय?"

त्यांनी शीळ घातली. गाळ्यांतून सात-आठ जण आले. दोन्ही बाजूंनी वाकले, हात घातले, कुणीतरी "उचल!" म्हणालं, आणि गाडी उचलली गेली. आई, मी, आठ पेट्या, सगळं. ते काही क्षणच असतील. पण मला ते आजही संथ आठवतं. इंजिन बंद होतं, आवाज नव्हता. काचेबाहेर घामेजलेले खांदे आणि कपाळाला बांधलेले टॉवेल एका लयीत हलत होते, आणि आम्ही त्यांच्यामधून तरंगत पुढे चाललो होतो. आईने एका हाताने डॅशबोर्ड धरला होता. मग तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आधी दाबून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "लग्नातसुद्धा मला कुणी असं उचलून आणलं नव्हतं!"

माथाडीही हसायला लागले. आईने माझ्या मांडीवरची पेटी फोडली आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन आंबे ठेवले. शाळेतल्या बायकांना कमी पडलेले आंबे कुठे गेले, हे तिने त्यांना सविस्तर सांगितलं म्हणे. मधल्या सुट्टीभर शिक्षकांच्या खोलीत हाच विषय होता.

घरी येताना बाबा म्हणाले, "सोमवारी जुन्या स्प्रिंगा बसवून टाकतो."

"कशाला?" आई म्हणाली. "मागचं वजन पेलत नाही एवढंच ना? ड्रॉइंग तुम्हीच काढलंत ना? मग परत काढा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

त्यांनी मागच्या स्प्रिंगांचं ड्रॉइंग पुन्हा केलं, या वेळी डायनिंग टेबलवर. आई समोर वह्या तपासत बसली होती. तुर्भ्याच्या शेडमधल्या मालकांनी ते ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते मोडकी स्प्रिंग घेऊन येतं. अंदाजानं करतो सगळं. असा कागद काढून देनारं कुनी असतं तर लई बरं झालं असतं." बाबा तेव्हा नुसते हसले. वर्षभराने कारखान्यातलं ड्रॉइंग ऑफिस बंद झालं आणि त्यांना घरी बसायला सांगितलं, तेव्हा आठ दिवस ते बाल्कनीत बसून होते. नवव्या दिवशी आंघोळ करून, रेघा मारायचा टी-स्क्वेअर कागदात गुंडाळून तुर्भ्याला गेले. पुढची अकरा वर्षं ते त्या शेडमध्ये, भट्टीपासून लांब एका कोपऱ्यात बसून, स्प्रिंगांची ड्रॉइंगं काढत होते. घरी यायचे ते तेलाचा वास घेऊन, आणि बरंच बोलत.

बाबा तुर्भ्याला जायला लागले, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आईने गाडी शिकायला घेतली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. खाडीकाठच्या त्याच रस्त्यावर, रविवारी. ती पुढे, शेजारी मी, आणि बाबा मागच्या सीटवर. काही बोलायचं नाही या अटीवर त्यांना आणलं होतं. ऊन कोवळं होतं. पाण्यावर पाखरांचा एक थवा उतरत होता. आईने पहिला टाकला, मग दुसरा. गाडी सुरेख चालली होती.

बाबांना राहवेना. "तिसरा टाक गं आता. इंजिन ओरडतंय."

"ओरडू दे," आई म्हणाली. "मला दुसऱ्यातच बरं वाटतंय."

आणि आम्ही तो सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये गेलो.