बंद खोलीतला झाडू

घाटंजीच्या एका कुलूपबंद खोलीतून ऐकलेला झाडूचा आवाज मी इतक्या वर्षांतही विसरलेलो नाही. साठ सालच्या आसपासची गोष्ट, मी तिथे ठाणेदार होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्या लोकांची नातवंडं अजून त्या भागात आहेत.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक शाळेचे एक गुरुजी ठाण्यात आले. धुतलेला सदरा, हातात टोपी. माझ्यासमोर बसायला सांगितलं तरी बसेनात.

"साहेब, आमच्या घरात अजून कोणीतरी राहते," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

गुरुजींच्या कुटुंबाने चार वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली होती. आपल्या वस्तीबाहेर, गावाच्या मधल्या गल्लीत त्यांनी दोन महिन्यांपूर्वी घर विकत घेतलं. आयुष्यभराची शिल्लक त्यात गेली. त्या काळी त्या गल्लीत त्यांना घर मिळणं किती कठीण होतं, हे मी वेगळं सांगायला नको. एका दलालाने ते जमवून दिलं. घराचा मालक यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, त्यामुळे सगळं बोलणं दलालामार्फतच झालं. मागची एक खोली तेवढी बंद होती. मालकाचं सामान आहे, दिवाळीनंतर रिकामी करून देतो, असं दलाल म्हणाला होता. खोलीचं दार गुरुजींच्या माजघरात उघडायचं आणि त्याला भलंमोठं कुलूप होतं.

रोज दुपारी त्या खोलीत कोणीतरी झाडायचं. आणि झाडून झालं की दाराखालच्या फटीतून केराची एक बारीक रेघ माजघरात यायची. गुरुजींची बायको ती रोज भरून टाकायची.

"गल्लीतले म्हणतात, घर सोडून जा. तुमच्यामुळेच ती जागी झाली," गुरुजी म्हणाले. "इथून उठलो तर पुन्हा या गावात आम्हाले कोण घर देईल, साहेब?"

'ती' म्हणजे मालकाच्या मोठ्या भावाची विधवा. पूर्वी ती याच घरात राहायची. मग माहेरी मुकुटबनकडे गेली आणि तिथेच वारली, असं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तक्रार म्हटली की मौका पंचनामा आला आणि पंचनामा म्हटला की पंच. आमच्या ठाण्याचा एक ठरलेला पंच होता. बोलावलं की हजर, सही सुरेख, कोर्टात उलटत नसे. हा तोच दलाल. घराची माहिती त्याच्याइतकी कोणाला असणार, असा सोयीचा विचार करून मी त्याला सोबत घेतलं. दुसरा पंच त्यानेच आणला. आज हे लिहिताना लाज वाटते.

भर दुपारी आम्ही पोचलो. उंबऱ्यातच दलाल मोठ्याने म्हणाला, "पोलीस साहेब आले हो, पोलीस." मला वाटलं, घरच्यांना सांगतो आहे. आत सगळं चिडीचूप. खोलीमागे तुराट्यांचं उंच कुंपण होतं, तिकडे जायला निघालो तर तो म्हणाला, "काटे हायेत साहेब, जनावर निघते तिकडे." मी वळलो. कुलूप मालकाचं, म्हणून तोडलं नाही. 'खोली बंद, आत घरमालकाचे सामान असल्याचे पंच सांगतात' असं लिहून सह्या घेतल्या.

बाहेर शेजारची म्हातारी उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "तिचाच हात हाय साहेब. ती अशीच झाडे. दोन फटकारे मारे अन् थांबे."

तेवढ्यात माझी छडी आत राहिल्याचं लक्षात आलं. बाकीचे पुढे गेले होते, मी एकटाच माजघरात शिरलो. छडी उचलली आणि दारापलीकडून आवाज आला. दोन फटकारे. मग शांतता. पुन्हा दोन फटकारे. उन्हाची तिरीप दाराशी पडली होती आणि फटीतून केर माझ्या बुटांपर्यंत येत होता. मी छडी घेऊन चालता झालो आणि स्टेशन डायरीत त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

चार दिवसांनी गुरुजींची बायको एकटीच ठाण्यात आली. तिने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. आत केर होता आणि केरात कांद्याची साल. ओली, ताजी.

"आमी दीक्षा घेतली तवा भूतखेत मांगं सोडलं," ती म्हणाली. "मले एवढंच सांगा साहेब, मेलेली बाई कांदा खाते का?"

आमचे हवालदार दाराशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, एक गोष्ट कवाची डोक्यात होती. तो दलाल सडाफटिंग, खानावळीत जेवते. मंग रोज बारा वाजता डबा भरून कोनाले नेऊन राह्यला?"

दलालाला बोलावून घेतलं. नेहमीप्रमाणे तो पंचाच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याला उठवून समोर उभं केलं, पुडी दाखवली आणि अर्धा तास काही बोललो नाही. गप्प राहण्याने जेवढे कबूल होतात तेवढे ओरडण्याने होत नाहीत. शेवटी त्याने पाणी मागितलं.

बाई जिवंत होती. घरात तिच्या नवऱ्याचा अर्धा हिस्सा होता आणि ती खरेदीखतावर अंगठा द्यायला तयार नव्हती. दलालाने मालकाला, म्हणजे तिच्या दिराला सांगितलं, मी तुमचा माणूस, बाईचं मी पाहून घेतो. गुरुजींना सांगितलं, मी तुमचा माणूस, मालक कटकट्या आहे, तुम्ही भेटू नका. आणि बाईला सांगितलं, मी तुमचाच माणूस, कोर्टात तुमची बाजू चालू आहे, निकाल लागेपर्यंत ताबा सोडू नका, कोणाला दिसू नका, आवाज करू नका, ही नवी माणसं तुम्हाला हाकलायला बसली आहेत. ती मेल्याची बातमीही त्यानेच गल्लीत सोडली होती.

"अन् पुढं काय करणार होता?" मी विचारलं.

"वेळ काढून राह्यलो होतो, साहेब. एकदा सौदा झाला की लोक आपसात समजून घेतेत."

"तू नेमका कोणाचा माणूस?"

तो ओशाळला नाही. अगदी सरळ म्हणाला, "ज्याच्यासमोर बसलो त्याचा. आता तुमचा."

मी कित्येक गुन्हेगारांची बयाणं घेतली, पण अंगातून कळ जावी असं तेवढं एकच वाक्य ऐकलं.

दोन नवे पंच घेऊन आम्ही तुराट्यांच्या कुंपणाचं फाटक उघडलं. त्याचं कुलूपही बाहेरून होतं. आत चिमूटभर परस, रांजण, आणि खोलीचं दार उघडं. एक पंचेचाळिशीची बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, हातात झाडू. जमीन इतकी स्वच्छ की आम्हाला बूट घालून आत जाववेना. दोन महिने ती त्या खोलीत राहून आपलं घर राखत होती. त्या घरात दुसरं काही करण्यासारखं तिला उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, बाहेर या. घाबरू नका, मी पोलीस आहे."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमचा आवाज मी वळखते. मांगंबी आल्ते ना? मी दाराच्या इकडंच उभी होती. हाक मारणार होती. पन तो तुमच्या संगं होता. मले सांगा, आता तुमी कोनाकडून आले?"

पंच माझ्याकडे पाहू लागले. मी सरकारकडून आलो असं म्हणणार होतो, पण मागच्या वेळीही मी सरकारकडूनच आलो होतो. गुरुजींची बायको मागून पुढे झाली आणि तिने बाईच्या हातातला झाडू काढून घेतला. "मी झाडतो आता," ती म्हणाली. "तुमी बसा."

दलाल आणि दीर दोघांवर फसवणुकीचा खटला भरला, दोघांना शिक्षा झाली. हिश्शाचा निकाल लागायला वर्षं गेली. तोवर माजघराचं ते दार उघडंच राहिलं आणि दोन्हीकडची माणसं एका चुलीवर जेवत होती. गल्लीला बाईच्या भुताची भीती वाटली नव्हती एवढी त्या चुलीची वाटली.

माझा तो पहिला पंचनामा कोर्टाच्या कागदात लागला. वकिलाने तो मला मोठ्याने वाचायला लावला आणि मी वाचला. त्यानंतर ठाण्याचा ठरलेला पंच मी कधी ठेवला नाही.

निवृत्तीनंतर यवतमाळला घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिथला एक दलाल आला. मी विचारलं, तुम्ही कोणाकडून? तो हसून म्हणाला, "साहेब, तुमच्याकडूनच." मी त्याला चहा दिला आणि घराच्या मालकाचा पत्ता मागितला. नंतर एकटाच ते घर पाहायला गेलो. मालकाला प्रत्येक दार उघडायला लावलं. एका खोलीची किल्ली सापडत नव्हती. ती सापडेपर्यंत मी त्या दाराला कान लावून उभा होतो.