वांगं टोचलंस ना?

भरताचं हिरवं वांगं गॅसवर ठेवण्याआधी सुरीनं चार ठिकाणी टोचावं लागतं. नाहीतर आत वाफ कोंडते आणि ते फुटतं. माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, हे सांगायला नको. त्या समोरच्याच घरात राहतात. मी वांगी भाजायला घेतली की आमच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. बावीस वर्षं हे असंच चाललंय.

आजही साल काळी पडून सुटायला लागली तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आमच्या आईचं भरीत असलं की दुसरी भाजी लागायची नाही. तुझं आपलं तोंडी लावण्यापुरतं."

मी देठ धरून वांगं फिरवलं. टोचलेल्या जागांतून पाणी फसफसत बाहेर येत होतं. माझा स्वभाव सोशिक आहे असं सगळे म्हणतात. सोशिक मी कधीच नव्हते. वन्सं रोज टोचून बोलतात, मी रोज दोन भांडी आपटते, तेवढीच वाफ जाते. मी अजून फुटले नाही ते त्यांच्याच कृपेनं. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी दुसरं वांगं उचललं.

"टोचलंस ना गं?"

"हो," मी म्हणाले आणि ते न टोचताच मोठ्या आचेवर ठेवलं. मग दोन पावलं मागे सरकले.

"वन्सं, खुर्ची जरा पुढे घ्या. तिथून नीट दिसत नसेल."